हिमोग्लोबिन कमी आलंय: बीट, अळीव, बाजरी की लोखंडी कढई?

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी आलं की घरात आधी बीट येतं. लाल आहे, म्हणून रक्त वाढवणार, हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम बिटात लोह मिलिग्रॅमभरच असतं आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीप्रमाणे बाईला रोज २९ मिलिग्रॅम लागतं. बीट जरूर खा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. गूळ-शेंगदाण्याचंही तेच. दहा ग्रॅमच्या खड्यातून मिलिग्रॅमभर लोह मिळालं तरी पुष्कळ.

अळिवाचा मान मोठा. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅम लोह दिलेलं असे, नव्या मोजणीत ते बरंच कमी भरलं. तरीही बिटापेक्षा अळीव कितीतरी सरस. बाळंतिणीला लाडू द्यावेतच; गरोदरपणात मात्र आपल्याकडे अळीव टाळतात.

आता ज्यांची खरोखर माणसांवर चाचणी झाली, ते उपाय पाहू. माझा कौल यांनाच आहे.

पहिला उपाय लोखंडी कढई. इथिओपियात काही मुलांचा स्वयंपाक वर्षभर लोखंडी भांड्यात झाला, काहींचा ॲल्युमिनियमच्या. १९९९ साली निष्कर्ष छापून आले: लोखंडी भांड्यांच्या गटात हिमोग्लोबिन (दर डेसिलिटर रक्तामागे) सरासरी १.७ ग्रॅमने वाढलं, दुसऱ्या गटात ०.४ने. चिंच, आमसूल, टोमॅटो घातलेला आंबट पदार्थ लोह जास्त ओढून घेतो. भाजी काळपट पडते, ती पडू द्या. खर्च एकदाच आणि जेवतं सगळं घर.

दुसरा उपाय बाजरीची भाकरी, पण जास्त लोहाच्या वाणाची. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना अशी भाकरी दिली, तेव्हा चार महिन्यांत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा साध्या बाजरीवाल्या मुलांपेक्षा जास्त वाढला. ‘धनशक्ती’ हे तसं वाण, इक्रिसॅट (हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था) आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मिळून आणलेलं. ते संकरित नाही, त्यामुळे बी घरचं ठेवता येतं. गावाकडे शेती असेल तर चौकशी कराच.

पेरू, आवळा, लिंबू यांत लोह फारसं नाही, पण जेवणातलं लोह अंगी लागतं ते यांच्यामुळे. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमकं उलटं करतो. चहा तासभर पुढे ढकलणं हा तर बिनपैशाचा उपाय.

मग लोहाची गोळी कधी? गरोदर नसलेल्या बाईचा आकडा ११ ते १२च्या मध्ये असेल तर डॉक्टरांना विचारून आहारावर भर देता येतो. ११च्या खाली मात्र भाकरी-कढईवर थांबू नका. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, तेवढं ताटातून येत नाही. शौचाला काळं होतं, कधी पोट धरतं, म्हणून अनेक जणी ती मध्येच सोडतात. तसं न करता डॉक्टरांकडून वेळ किंवा मात्रा बदलून घ्या. गरोदरपणात गोळीला पर्याय शोधूच नये.

महिनाभर गोळ्या नीट घेऊनही आकडा हलला नाही, तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी मागून घ्या. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या घरांत तर आधीच.