घरगुती चेन ऑइलर: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि कोटा फरशीवरचा डाग

चेन ऑइलर, म्हणजे चालत्या मोटारसायकलच्या चेनवर थेंबाथेंबाने तेल सोडणारी जोडणी, भावाकडून घेतला म्हणजे फुकटात मिळाला असणार, अशी शंका ज्यांना येईल त्यांना आधीच सांगतो: बाराशे रुपये रोख मोजले आहेत. बनवणारा माझा आतेभाऊ. इंदूरच्या रामबागेत आमची दोन्ही घरं हाकेच्या अंतरावर, तरी पठ्ठ्याने एक रुपया सोडला नाही. वर म्हणतो, "दादा, घरच्यांना फुकट दिलं की ते खोटं कौतुक करतात. तू पूर्ण पैसे दे आणि मनसोक्त शिव्या घाल." पैसे दिलेत. आता शिव्या.

ऑइलर रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 411 वर बसवला आहे. गाडीबद्दल काही सांगत बसत नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना ठाऊक आहे. चेन ऑइलर कशासाठी हेही बहुतेकांना माहीत असेल. ओ-रिंग (सांध्यांतल्या रबरी कड्या) असलेल्या चेनच्या आतलं ग्रीस कारखान्यातच सीलबंद केलेलं असतं, आपण बाहेरून देतो ते तेल ओ-रिंगा सुकू नयेत आणि चेनचे रोलर आणि स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाकं, झिजू नयेत म्हणून. दर पाचशे किलोमीटरला जमिनीवर बसून स्प्रे मारायचा कंटाळा, आणि त्याहून जास्त म्हणजे स्प्रेच्या साडेचारशे रुपयांच्या डब्याचं दुःख, हे माझं खरं कारण.

स्कॉटलंडचा स्कॉटऑइलर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, गाडी बंद झाली की आपोआप थांबतो, आणि शंभर पौंडांच्या घरात जातो. भावाचा माल त्या मानाने अगदी साधा. तेलाची टाकी म्हणून ॲल्युमिनियमच्या पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना लेथवर टर्न केलेली झाकणं, खाली पितळी नीडल व्हॉल्व्ह, पुढे चार एमएमचा पीयू (लवचिक प्लॅस्टिकचा) पाइप आणि टोकाला नोझल. पाइप आणि फिटिंग सियागंजातून, टर्निंग सांवेर रोडला ओळखीच्या लेथवर, क्लिपा घरच्या थ्री-डी प्रिंटरवर. नोझल मागच्या स्प्रॉकेटच्या आतल्या बाजूला, घड्याळात सात वाजतात त्या जागी टेकवायचं. थेंब स्प्रॉकेटवर पडतो, चाक फिरतं आणि तेल आपसूक कडेला चेनकडे फेकलं जातं. तत्त्व तेच, फक्त व्हॅक्यूम नाही. व्हॉल्व्ह हाताने उघडायचा, हाताने बंद करायचा. हे "हाताने बंद करायचा" लक्षात ठेवा.

जानेवारी 2025 मध्ये बसवला. अर्ध्या तासाचं काम, केबल टाय आणि एक क्लॅम्प. तेल 80डब्ल्यू-90 गिअर ऑइल. मिनिटाला एक थेंब असा व्हॉल्व्ह लावला आणि महिनाभर मी जगातला सर्वात सुखी माणूस होतो. चेन ओलसर, आवाज नाही, रिमवर किंचित शिंतोडे. भेटेल त्याला सांगत सुटलो की घ्या, डोळे मिटून घ्या.

मग मार्च संपला.

आमच्या घराच्या पोर्चमध्ये कोटा फरशी आहे. बाबांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली, हिरवट, आरशासारखी घोटलेली. एका सकाळी गाडीच्या मागच्या चाकाखाली तळहाताएवढा काळा डाग. व्हॉल्व्ह बंद केलेला होता, मी शपथेवर सांगतो. पण नीडल व्हॉल्व्ह हा प्रवाह कमी-जास्त करायला असतो, तो पाण्याच्या नळासारखा ठार बंद होत नाही. त्यात पाइपमध्ये व्हॉल्व्हपासून नोझलपर्यंत जे तेल साठलेलं असतं, ते रात्रभर निवांत गळतं. थंडीत तेल जाड, त्यामुळे जागच्या जागी धरून राहायचं. गरमीत ते पाण्यासारखं पातळ झालं.

आई काही बोलली नाही. तिने फक्त डागावर पेपर अंथरला. बाबा मात्र बोलले. मग मी कपड्यांचा साबण, मग चुना, मग मुलतानी मातीचा लेप लावून रात्रभर ठेवला, कोणीतरी सांगितलं म्हणून थिनरही. मुलतानी मातीने वरचं तेल ओढलं, डाग फिका झाला, पण कोटा तेल पितो आणि प्यालेलं सोडत नाही. डिसेंबर उजाडला, तो अजून दिसतो, आणि पाणी मारलं की जास्तच दिसतो. बाराशेच्या वस्तूने किती हजारांची फरशी खराब केली हा हिशोब बाबा पाहुण्यांना सांगतात. मी भावाला म्हटलं, फरशीचे पैसे दे. तो म्हणाला, पुठ्ठा ठेव. पुठ्ठा! परदेशात शे-दोनशे लोक वापरतात म्हणून छाती फुगवून सांगणाऱ्या वस्तूसोबत वापराची सूचना काय, तर पुठ्ठा ठेव.

गंमत म्हणजे परदेशातून नेमकी उलटी तक्रार. त्याचा माल जास्त करून ब्रिटन, थोडा जर्मनी, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला जातो, सगळे हिमालयन आणि इंटरसेप्टरवाले. वेल्समधल्या एकाने लिहिलं की थेंबच पडत नाही. पडेल कसा? 10 अंशांवर हे गिअर ऑइल 40 अंशांच्या मानाने निदान पाच पट जाड होतं. म्हणजे मी इंदूरच्या जानेवारीतल्या दुपारी लावलेली सेटिंग मे महिन्यात धो-धो वाहणार आणि वेल्सच्या पहाटे कोरडी राहणार, व्हॉल्व्ह तोच. भावाने मग सूचनापत्रात ऋतूप्रमाणे तेल लिहिलं: थंडीत आयएसओ 68, म्हणजे 40 अंशांवर 68 सेंटिस्टोक (तेलाच्या जाडपणाचं माप) असलेलं, उन्हाळ्यात 80डब्ल्यू-90. वेल्सवाला चेनसॉचं तेल घालतो, कारण त्यात चिकटपणासाठी काहीतरी मिसळलेलं असतं, आणि हिवाळ्यात तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात त्याला ते म्हणे बरं पडतं. आपल्याकडे रस्त्यावर मीठ नाही, पण उन्हाळा आहे, आणि उन्हाळ्याची सूचना माझ्या फरशीमुळे आली. श्रेय कोणी दिलेलं नाही.

क्लिपांचंही सांगून टाकतो. पहिल्या क्लिपा पीएलए या थ्री-डी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या होत्या. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. एप्रिलमध्ये ऑफिसबाहेर उन्हात उभ्या गाडीचा काळा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) किती तापतो ते हात लावून बघा. क्लिप वाकली, नोझल सरकून टायरकडे वळलं. टायरवर तेल म्हणजे थेट जिवाशी खेळ. लगेच लक्षात आलं म्हणून ठीक. भावाने दुसऱ्या दिवशी पीईटीजीच्या, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या, क्लिपा आणून दिल्या, फुकट, आणि त्या आठवड्यात निघणारी सगळी पाकिटं फोडून क्लिपा बदलल्या. इथे त्याला पूर्ण मार्क.

पाकिटांचा विषय निघालाच आहे तर, मला वस्तूपेक्षा तिच्या प्रवासात जास्त रस वाटायला लागला, कारण रविवारी पॅकिंगला मलाच बसवतो. पहिल्यांदा त्याने एका खासगी कुरियरने माल पाठवला. किट साडेतीनशे ग्रॅमचं, बिल आलं 1.8 किलोचं. त्यांचा नियम असा की लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं, येईल ते वजन धरायचं. 30 बाय 20 बाय 15 चं खोकं, झाले 9000, भागिले 5000. हवेचं भाडं भरलं. आता 20 बाय 12 बाय 6 चं खोकं, पाइप गुंडाळून तेलाच्या टाकीभोवती, मग खरं वजनच लागू होतं. ही आयडिया माझी.

त्यानंतर तो टपालावर आला. निर्यातीला लागणारा परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयईसी नंबर ऑनलाइन 500 रुपयांत निघाला, डाकघर निर्यात केंद्रात निर्यातीचं बिल ऑनलाइन भरायचं, कस्टम्ससाठी मालाचा कोड 8714, मोटारसायकलचे भाग. किट कोरडं पाठवायचं, तेल तिकडच्याने तिकडे घ्यायचं, कारण विमानाच्या टपालात तेलाच्या बाटलीची कटकट नको. कोरडं म्हणजे खरंच कोरडं: चाचणीचं तेल आत राहिलं तर पाकिटावर डाग येतो आणि डागाळलेलं पाकीट कोणाला आवडतं? म्हणून प्रत्येक किट आधी रॉकेलने, मग हवेच्या फुंकणीने. ब्रिटनमध्ये 135 पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट जानेवारी 2021 पासून विक्रीच्या वेळीच घ्यावा लागतो, तो विक्रीची वेबसाइट परस्पर कापते. युरोपियन युनियनने 22 युरोपर्यंतची सूट 1 जुलै 2021 ला काढून टाकली, त्यामुळे जर्मनीवाल्याला अगदी क्लिपेवरही कर. तरी लोक घेतात, कारण कर आणि टपाल धरूनही तिकडच्या वस्तूच्या अर्ध्याखाली पडतं.

पावसाळ्याने माझं मत बदललं. डाग विसरलो नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये मांडू, जानापाव, सिमरोलचा घाट, सगळीकडे गाडी चिंब भिजली आणि चेनवर गंजाचा ठिपका नाही. आधीच्या पावसाळ्यात घरी आल्या-आल्या पुसायला बसायचो, नाहीतर सकाळी तांबूस. चेन आवळायचं कामही खूप कमी झालं. एक वाईट बाजू मात्र आहे: माळव्याची काळी माती. थेंब जरा जास्त असेल आणि महूकडच्या शेतरस्त्याला गेलात, तर तेल-माती मिळून स्प्रॉकेटवर जी लापशी होते ती पॉलिश पेपरचं काम करते. अशा दिवशी व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि घरी येऊन रॉकेल-ब्रशने धुवावं. पेट्रोल नको, तारेचा ब्रश नको, ओ-रिंगा जातात. आणि काही जण गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून भरतात. मीही पैसे वाचवणारा आहे, पण त्यात धातूचा चुरा असतो, ते नको.

आता खरी बातमी. 29 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची ड्युटीमाफी बंद केली. ड्युटी कोणी, कशी गोळा करायची हे ठरत नव्हतं, म्हणून आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासूनच तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. भावाकडे अमेरिकेची किटं बांधून तयार, आणि ती होती दुसऱ्या मॉडेलची, जे मला त्याने दाखवलंही नव्हतं. त्यातलं एक मी उचललं. त्याने फरकाचे चारशे घेतले. घेतलेच.

दुसऱ्या मॉडेलमध्ये नीडल व्हॉल्व्हच नाही. हाताने दाबायची बाटली आहे. दाबली की तेल मधल्या नळीतून वरच्या छोट्या वाटीत चढतं, वाटीच्या बुडातून पाइपने नोझलला जातं. वाटी रिकामी झाली की थेंब बंद, बाकीचं तेल खाली बाटलीतच राहतं. एका दाबात दोन-अडीच मिली, पंधरा-वीस मिनिटांत संपतं. उन्हाळा असो की हिवाळा, मापाचंच तेल जातं, फक्त लवकर किंवा उशिरा. मी भंवरकुआँ ओलांडलं की दाबतो, राऊ येईपर्यंत काम संपतं. पोर्चमध्ये पुठ्ठा आहे, तो कोरडा आहे. नोझलही स्टेनलेसचं, माझ्या जुन्यासारखं पितळी नाही. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला स्टेनलेस आणि रामबागेतल्या दादाला पितळ, हे असं चाललं होतं. विचारलं तर म्हणाला, "तिकडे मीठ असतं ना." उत्तर बरोबर आहे, पण माझा राग गेलेला नाही.

15 ऑक्टोबर 2025 पासून टपाल पुन्हा सुरू झालं, तेव्हाच्या नियमाने जाहीर किमतीच्या 50 टक्के ड्युटी इथेच आधी भरून. पंचवीस डॉलरच्या किटवर साडेबारा डॉलर. एक अमेरिकन तरीही घ्यायला तयार झाला, तेव्हा भाऊ माझ्याकडे आला की तुझं किट काढून दे, नवीन बनायला आठवडा लागेल. मी दिलं नाही.

हिशोब: हजार किलोमीटरला साधारण पंचवीस मिली तेल, म्हणजे दहा रुपये. स्प्रेचा डबा अडीच महिन्यांत संपायचा. दोन मॉडेलं मिळून सोळाशे गेले, ते वर्षभरात वसूल होतील. पहिलं मॉडेल भाऊ अजून विकतो, स्वस्त आहे म्हणून. ज्यांची गाडी मातीच्या अंगणात उभी राहते त्यांनी घ्यायला हरकत नाही. बाकीच्यांनी दुसरंच मागा, आणि क्लिपा पीईटीजीच्या आहेत ना ते विचारा.

दुसऱ्यातली एकच खोड. वाटीचं झाकण नुसतं दाबून बसतं, त्याला दोरी नाही. सिमरोलच्या खड्ड्यांत माझं उडालं. भाऊ नव्या झाकणाचे ऐंशी रुपये मागतो, आणि परदेशी पाकिटात एक जादा झाकण मी स्वतः माझ्या हाताने टाकतो, फुकट. ऐंशी रुपये मी देणार नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण मापात बसतं, सध्या तेच आहे.