लेटरहेड छान, प्रूफ मात्र नीट बघून घ्या

आमच्या गावच्या वाचनालयाचा पदसिद्ध अध्यक्ष म्हणजे शाळेचा हेडमास्तर. यंदा मी. बेळगावात खडेबाजारातल्या एका छापखान्यात लेटरहेड टाकलं, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत. कन्नडातलं 'पदनिमित्त' बिनचूक. इंग्रजीतलं 'एक्स ऑफिशिओ' बघून छापखान्यातल्या पोराला वाटलं, एक्स म्हणजे माजी! प्रूफात मी थेट 'माजी अध्यक्ष'. खुर्चीत बसून आठवडासुद्धा झाला नव्हता हो. म्हटलं, बाबा, हे लॅटिन, 'पदामुळे' असा अर्थ. राज्यघटनेच्या कलम 64 नुसार उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती असतात, तसं. हसला, चहा मागवला, तिथल्या तिथं दुरुस्त केलं. जादा पैसे नाहीत. कागद जाड, शिक्क्याची शाई पसरत नाही. जिना तेवढा अंधारा.