स्मूदी आणि एकजीव जेवणासाठी कप ब्लेंडर, जग ब्लेंडर की हँड ब्लेंडर?

घरी स्मूदी किंवा वाटून एकजीव केलेले जेवण करायचे ठरले की खरेदी करताना बहुतेक जण आधी वॅटचा आकडा पाहतात. त्यातून मोटर किती वीज घेते एवढेच कळते. मिश्रण किती मऊ होईल हे पात्यांची रचना, भांड्याचा आकार आणि आतील द्रवाचे प्रमाण यांवरही अवलंबून असते. त्यापेक्षा भांड्यात रोज काय पडणार, ते गार असणार की गरम, आणि किती जणांसाठी असणार, हे आधी ठरवावे.

एकट्यासाठी गार स्मूदी हवी असेल तर कप ब्लेंडरला तोड नाही. अरुंद पेल्यात थोडे मिश्रणही पात्यांपाशीच राहते, तर मोठ्या जगमध्ये तेवढेच मिश्रण भिंतींवर उडून चिकटते आणि पाती रिकामी फिरतात. हा पेला उलटा बसवला जात असल्याने गोठवलेली फळे आधी भरावीत आणि मऊ पदार्थ शेवटी. जगमध्ये मात्र क्रम नेमका उलटा, म्हणजे द्रव तळाशी आणि बर्फ सर्वांत वर. मात्र गरम पदार्थ बंद पेल्यात कधीही वाटू नयेत, कारण वाफेचा दाब आत साठतो आणि उघडताना उकळते मिश्रण अंगावर उडू शकते.

कुटुंबासाठी, आणि विशेषतः जेवणाची जागा घेणाऱ्या मिश्रणांसाठी, मी जग ब्लेंडरच सुचवेन. पालक आधी द्रवाबरोबर वाटून मग फळे घातली तर पानांचे तुकडे दाताखाली येत नाहीत. गरम सूप वाटताना जग अर्ध्याहून अधिक भरू नये, झाकणातील मधली टोपी काढून त्यावर जाड फडके धरावे आणि सुरुवात कमी वेगाने करावी. अतिवेगवान जग ब्लेंडर घर्षणाने सूप गरमही करतात, पण ती उष्णता म्हणजे शिजवणे नव्हे: राजमा भिजवून, नीट उकळून मगच वाटावा, कारण कच्च्या राजम्यातील लेक्टिन हे प्रथिन उलट्या-जुलाबांना कारण ठरते. घरात कुणाला गिळण्याचा त्रास असेल तर साले आणि धागे उरू नयेत म्हणून वाटल्यानंतर मिश्रण चाळणीतून गाळावे. ते किती दाट असावे हे मात्र डॉक्टरांना किंवा गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. इथे अंदाज चालत नाही, कारण चुकीच्या दाटपणामुळे घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

हँड ब्लेंडर शिजलेल्या भाज्यांसाठी उत्तम: सूप पातेल्यातच वाटले जाते आणि गरम मिश्रण ओतण्याचा धोका टळतो. बर्फ, गोठवलेली फळे आणि तंतुमय पाने यांपुढे तो सहसा कमी पडतो. पात्यांत अडकलेला तुकडा काढण्यापूर्वी प्लग काढायलाच हवा. बोटे कापण्याचे प्रसंग नेमके याच वेळी घडतात.

पोषणाच्या दृष्टीने यंत्रापेक्षा आत काय घालतो याला अधिक महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त साखरेतून, म्हणजे पदार्थांत वरून घातलेल्या साखरेतून, मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि फळांच्या रसातील व मधातील साखरही त्यात धरली जाते. म्हणून द्रव म्हणून रस न वापरता दूध, दही किंवा पाणी घ्यावे, आणि एका पेल्याने जेवण भागवायचे असेल तर ओट्स, शेंगदाणे किंवा शिजवलेली कडधान्ये घालावीत. नुसत्या फळांच्या स्मूदीत प्रथिने फारच कमी असतात आणि भूक लवकर परत लागते.

निवड अडलीच तर धुण्याचा विचार करावा. कप आणि जग ब्लेंडरच्या पात्यांखालील रबरी रिंग काढता येते का, हे विकत घेण्यापूर्वी हाताने काढून पाहावे. तिच्याखाली अडकलेला गर लवकर आंबतो, आणि जी रिंग निघत नाही तिच्याखालची जागा कितीही धुतली तरी पूर्ण स्वच्छ होत नाही.