फक्त सिम मागितले, नावावर कर्ज चढवले

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील एका मोबाइल दुकानाने माझ्या नावावर १८,९९९ रुपयांच्या हँडसेटचे कर्ज काढले आहे आणि तो हँडसेट मी आजतागायत पाहिलेलाही नाही.

माझा फोन उत्तम चालतो. त्यामुळे नंबर पोर्ट करून मला केवळ पोस्टपेड सिम हवे होते. प्लॅन ४४९ रुपयांचा, म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ५२९ रुपये ८२ पैसे. "साहेब, सोबत नवा हँडसेट घ्या, हप्ता जाणवणारही नाही," असा दुकानदाराचा आग्रह चालला होता आणि मी प्रत्येक वेळी स्पष्ट नकार दिला. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जिथे गेलो तिथे 'तुम्हीच घेतला असेल' हेच ऐकावे लागले.

पोर्ट करताना संदेश येतातच. १९०० वर संदेश पाठवला की पोर्टिंगचा आठ अक्षरी कोड येतो, मग ई-केवायसीचा ओटीपी येतो, दुकानदार आपला फोटोही काढतो. त्यामुळे आणखी एक ओटीपी आला आणि "सर्व्हर अडकला होता, आता आलेला सांगा" असे तो म्हणाला, तेव्हा शंका येण्याचे कारण नव्हते. इंग्रजीतल्या त्या लांबलचक संदेशात ओटीपी सुरुवातीलाच होता आणि 'लोन' हा शब्द पार शेवटी. ओटीपी सांगण्याआधी संदेश शेवटपर्यंत वाचा, मागे कितीही रांग असली तरी.

मनाला खरी बोचते ती त्यानंतरची गोष्ट. बिल आपोआप भरले जावे म्हणून त्याने यूपीआय ऑटोपेची विनंती पाठवली. पोस्टपेडसाठी ऑटोपे सर्रास घेतात, यात वावगे काहीच नव्हते. परंतु स्क्रीनवर कमाल रक्कम १,७४९ रुपये होती आणि पैसे घेणाऱ्याच्या जागी मोबाइल कंपनीचे नव्हे, एका वित्तसंस्थेचे नाव होते. ५३० रुपयांच्या बिलाला एवढी मर्यादा कशासाठी, असे मी विचारलेसुद्धा. "बिल कमीजास्त होते, म्हणून मर्यादा वाढवून ठेवतात," असे उत्तर मिळाले, आणि ते एरवी खरेही असते. नाव मात्र नीट वाचले गेले नाही, आणि पिन टाकला गेला.

पुढच्या महिन्यात १,७४९ रुपये वजा झाले तेव्हा सारे उघड झाले: असे बारा हप्ते, म्हणजे २०,९८८ रुपये, वर प्रक्रिया शुल्क ५९९ रुपये, एकूण २१,५८७ रुपये. ऑटोपे रद्द करून हे मिटत नाही. हप्ता थकला की आपलीच पत बिघडते.

वित्तसंस्था म्हणते, ओटीपी तुमच्या मोबाइलवरून दिला गेला, आमच्या दृष्टीने विषय संपला. मोबाइल कंपनी म्हणते, सिम चालू आहे ना, मग कर्जाशी आमचा संबंध नाही. दुकानदार सहीचे बिल दाखवतो. ती सही माझी नाही. पोलीस ठाण्यात अर्ज घेण्याआधीच 'हा दिवाणी वाद आहे' असे सांगण्यात आले, आणि हँडसेट मिळाला नसल्याचा पुरावा माझ्याकडेच मागितला. न मिळालेल्या वस्तूचा पुरावा माणसाने आणायचा कुठून? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर ठाण्यात जा म्हणतात, ठाण्यात गेले तर १९३० वर नोंदवा म्हणतात, आणि प्रत्येक खिडकीवर तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, जणू मीच आरोपी आहे.

अखेर उपयोग झाला तो आयएमईआयचा, म्हणजे प्रत्येक हँडसेटच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाचा. वित्तसंस्थेकडून बिलाची प्रत लेखी मागून घ्या. त्यावर हँडसेटचा आयएमईआय असतो. आपल्या फोनवर *#०६# दाबून दिसणारा क्रमांक त्याच्याशी जुळत नसेल, तर तो स्क्रीनशॉट अर्जाला जोडा. तोंडी तक्रारीला किंमत नाही, पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. वित्तसंस्थेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि त्यासाठी शुल्क नाही. मी ती केली आहे.

ज्यांनी अशा दुकानातून नुकतेच सिम घेतले असेल, त्यांनी दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावरची सिम तपासावीत. त्यावर कर्ज दिसत नाही, म्हणून आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद असलेला पतअहवालही (क्रेडिट रिपोर्ट) मागवावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो.