शिक्षेत सूट, बदल्यात मूत्रपिंड: मॅसॅच्युसेट्सच्या योजनेचे परीक्षण

सार्वजनिक सेवेचे परीक्षण करताना तिचा हेतू एकीकडे आणि तिची कलमे दुसरीकडे ठेवून दोन्ही तपासावी लागतात. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात आलेली कैद्यांसाठीची अस्थिमज्जा व अवयवदान योजना तर तशी तपासल्याशिवाय समजतच नाही. कार्लोस गोन्झालेस आणि ज्युडिथ गार्सिया या लोकप्रतिनिधींनी मांडलेल्या या विधेयकात, अस्थिमज्जा किंवा अवयव देणाऱ्या कैद्याच्या शिक्षेत किमान ६० आणि कमाल ३६५ दिवसांची सूट देण्याची तरतूद होती. त्याविरुद्ध गदारोळ झाला आणि त्याचा कायदा झाला नाही. पण २००७ साली साउथ कॅरोलायनातही १८० दिवसांच्या सवलतीचा असाच प्रस्ताव पुढे आला होता. जी कल्पना दोनदा डोके वर काढते ती तिसऱ्यांदाही येणार, म्हणून ती आताच नीट वाचून ठेवली पाहिजे.

हेतूबद्दल मला संशय नाही. अमेरिकेत एक लाखाहून अधिक रुग्ण अवयवांच्या प्रतीक्षायादीत आहेत आणि त्यातले बहुसंख्य मूत्रपिंडासाठी थांबले आहेत. स्वतः गोन्झालेस यांचा एक मित्र डायलिसिसवर होता. अस्थिमज्जेचा दाता जुळवताना रुग्णाचा वंशही महत्त्वाचा ठरतो, त्यामुळे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रुग्णांना दाता मिळणे अधिक कठीण जाते. आणि तुरुंगांत याच समाजांतील माणसे लोकसंख्येच्या मानाने फार जास्त आहेत. शिवाय कैद्याला दान करण्याची इच्छा असली तरी वाट सहसा बंदच असते. संघराज्याच्या तुरुंगांत जिवंतपणी अवयव द्यायचा तर तो जवळच्या नातेवाइकालाच देता येतो. ही वाट मोकळी करावी, हा विधेयकाचा निम्मा भाग मला मनापासून पटतो.

अडचण उरलेल्या निम्म्या भागात आहे. तुरुंग खात्यातच एक समिती स्थापन होणार होती आणि किती अस्थिमज्जा किंवा कोणता अवयव दिल्यास किती दिवसांची सूट मिळेल, हे तिने ठरवायचे होते. हे कलम वाचताना मी थबकले. सूट किती द्यायची हे ज्या खात्याच्या छत्राखाली ठरणार, त्याच खात्याच्या हातात कैद्याच्या कोठडीची किल्ली, त्याचे जेवण, त्याचे औषधपाणी, त्याच्या भेटीगाठी आणि वर्तणुकीचा शेरा आहे. अशा ठिकाणी मिळालेली संमती कितीही कागदांवर नोंदवली तरी ती मोकळ्या मनाने दिली गेली की नाही, हे सिद्ध कोण करणार? कैद्याला स्वतःचे हित कळत नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याला ते चांगले कळते, आणि नेमके म्हणूनच घरी वाट पाहणाऱ्या मुलापर्यंत सहा महिने आधी पोहोचण्याची संधी तो सहजासहजी नाकारू शकणार नाही.

दिवसांचा हिशेबही तपासून पाहावा. अस्थिमज्जा शरीरात पुन्हा तयार होते आणि दाता काही आठवड्यांत सावरतो. मूत्रपिंड काढले की ते परत येत नाही. या दोन्ही गोष्टी विधेयकाने ६० ते ३६५ दिवसांच्या एकाच पट्ट्यात बसवल्या होत्या. मूत्रपिंडदात्याचा शस्त्रक्रियेत किंवा त्यानंतर लगेच मृत्यू होण्याचे प्रमाण अमेरिकेतील जुन्या मोठ्या आकडेवारीनुसार दहा हजारांत सुमारे तीन होते आणि अलीकडे ते आणखी घटले आहे. मात्र २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आयुष्यात कधीतरी मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याची शक्यता दात्यांमध्ये दहा हजारांत ९० आणि तितक्याच निरोगी अ-दात्यांमध्ये १४ असल्याचे आढळले. धोका लहान आहे, पण तो जन्मभराचा आहे; सवलत मात्र फार तर एका वर्षाची. त्यातही पॅरोलविना जन्मठेप भोगणाऱ्याला ३६५ दिवसांचा काडीचाही उपयोग नाही. म्हणजे हे आमिष नेमके त्यांच्यावर चालणार, ज्यांची सुटका एरवीही टप्प्यात आली आहे आणि ज्यांना पुढे बाहेर अंगमेहनतीवर पोट भरायचे आहे.

कायद्याची भिंतही मध्ये आहे. १९८४ च्या अमेरिकन प्रत्यारोपण कायद्यानुसार मूल्यवान मोबदला घेऊन अवयव देणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार डॉलरपर्यंत दंड आहे. साउथ कॅरोलायनाचा प्रस्ताव याच शंकेपाशी अडला होता. कैद्याच्या दृष्टीने सुटकेच्या एका दिवसाहून मूल्यवान मोबदला कोणता असू शकतो, ते मला तरी सुचत नाही. आपल्याकडचा १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या विधानसभांच्या ठरावांवरून, आणि त्यामागे मूत्रपिंडांचा उघड व्यापार थांबवण्याची निकड होती. जवळच्या नात्याबाहेरचा दाता आजही प्राधिकार समितीसमोर बसतो आणि यात देवाणघेवाण झालेली नाही ना, याची समिती खात्री करून घेते. मॅसॅच्युसेट्सच्या मसुद्यात देवाणघेवाण हीच योजनेची पायाभूत अट होती.

प्रत्यक्षात असा सौदा कसा दिसतो, हे मिसिसिपीत दिसले आहे. १९९३ मधील एका सशस्त्र लुटीबद्दल दुहेरी जन्मठेप भोगणाऱ्या दोन बहिणींची शिक्षा गव्हर्नर हेली बार्बर यांनी डिसेंबर २०१० मध्ये स्थगित केली. थोरली डायलिसिसवर होती आणि तिच्या उपचारांचा राज्यावर मोठा बोजा पडतो, असे गव्हर्नरांनी आपल्या निवेदनात स्पष्टच म्हटले होते. धाकटीच्या सुटकेला अट होती, बहिणीला मूत्रपिंड देण्याची. दान करण्याची तयारी तिने स्वतःच आधी दाखवली होती, हे नोंदवले पाहिजे. पण स्वेच्छेने केलेल्या देकाराची सरकारी आदेशात अट झाली की त्याचे रूपच बदलते. उद्या तिचे मन फिरले, तर तिने पुन्हा तुरुंगात जायचे का? सुटकेनंतर डॉक्टरांनी दोघींना आधी वजन कमी करायला सांगितले आणि प्रत्यारोपण वर्षानुवर्षे लांबत गेले. जी गोष्ट वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे की नाही हेच ठरलेले नव्हते, तिच्यावर एका बाईचे स्वातंत्र्य टांगून ठेवले गेले.

त्यामुळे ही सेवा आहे त्या रूपात मी नापसंत ठरवते. मात्र तिची दुरुस्ती शक्य आहे. सवलतीची कलमे काढून टाकावीत आणि दान करू इच्छिणाऱ्या प्रत्येक कैद्याला, मग रुग्ण नातेवाईक असो वा परका, नोंदणी आणि तपासणी खुली करावी. मृत्यूनंतरच्या दानाची वाट यूटा राज्याने २०१३ मध्ये कैद्यांसाठी कोणत्याही सवलतीविना मोकळी केलीच आहे. जिवंत दात्यासाठी स्वतंत्र सल्लागार नेमणे अमेरिकेतील प्रत्यारोपण केंद्रांना बंधनकारक आहे. कैद्याच्या बाबतीत त्या सल्लागाराची भेट तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीत व्हावी आणि कैद्याचा नकार तुरुंगाच्या दप्तरात नोंदवला जाऊ नये. दात्याची प्रकृती केंद्राने दोन वर्षे तपासत राहायची असते. कैदी दरम्यान सुटला, तर त्या तपासण्यांचा आणि त्यांत काही निघाले तर उपचारांचा खर्च राज्याने उचलावा, असे कलम मूळ मसुद्यात असायला हवे होते.