रात्रीची लाईन घ्यावी, लोकल धरावी की ट्रिपवर जावं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या एमआयडीसी पट्ट्यातल्या ट्रक ड्रायव्हरला साधारण तीन प्रकारचं काम मिळतं: पार्सल ट्रान्सपोर्टची रात्रीची लाईन (ठरलेल्या मार्गावरची फेरी), फौंड्रीची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याची, दिवसाची लोकल (जवळपासच्या फेऱ्या), नाहीतर ट्रिपवर लांबचं भाडं. ठरवताना बहुतेक जण पगार आणि भत्ता शेजारी शेजारी मांडतात. मी आधी विचारेन, झोप कुठे आणि किती वाजता मिळणार?

रात्रीच्या लाईनचे फायदे खरे आहेत. संध्याकाळी माल भरला की निघायचं आणि सकाळी भिवंडीला गोडाऊनवर लागायचं. उन्हाळ्यात टायर तापत नाहीत, शहरातल्या दिवसाच्या नो एंट्रीची कटकट नाही. खरी अडचण पहाटे 2 ते 5 ची. त्या वेळी शरीराची सावधगिरी तळाला गेलेली असते, आणि वीस वर्षं गाडी चालवलेला माणूसही त्यातून सुटत नाही. चहाने तासभर निभावतं, पण झोपेचं देणं फिटत नाही. त्यात ऊसाचा हंगाम असला की रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अंधारात अचानक पुढ्यात येतात. तरीही लाईन रोज त्याच वेळेची असेल आणि दिवसा सलग सहा-सात तास झोपता येत असेल, तर मी ती वाईट म्हणणार नाही. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, शेजारी शाळकरी पोरं असताना ही झोप होत नाही. घरच्यांशी आधी बोलून घ्या.

एक आठवडा रात्र, एक आठवडा दिवस असं आलटून पालटून काम कुणी देत असेल, तर ते सगळ्यात शेवटी ठेवा. शरीर रात्रीला जरा सरावतं तोवर पाळी बदलते. पगार थोडा जास्त असला तरी मी घेणार नाही.

लोकलला रात्री घरी जेवण मिळतं. भत्ता कमी, आणि गेटवर लोडिंगसाठी ताटकळणं ठरलेलं. दुपारी जेवणानंतर डुलकी येते, तीही हलक्यात घेऊ नये. फक्त ‘दिवसपाळी’ म्हणजे किती वाजताची, ते विचारून घ्या. पहाटे 4 ला गाडी काढायची असेल तर 3 ला उठावं लागतं. ती निम्मी रात्रपाळीच झाली.

ट्रिपवर पैसा दिसतो, पण तो चाकं फिरली तरच. परतीचा माल मिळेपर्यंत पार्किंगमध्ये दोन दिवस गेले, तर हॉल्टिंगचे पैसे मिळणार की नाही हे आधी ठरवा. घाई कुणाची, तेही समजून घ्या. कोल्हापूर ते अहमदाबाद सुमारे 900 किलोमीटर. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या परवान्याची, मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे पाच दिवस. ‘बिल संपेल, हाण’ असं कुणी म्हटलं तर घाई कागदाची नसते, मालकाची असते. सोबत दुसरा ड्रायव्हर असेल तर ट्रिपचं गणित एकदम बदलतं; एकट्याला मी लांब ट्रिप सुचवणार नाही.

1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास अशी मर्यादा घातली होती, आणि लांब पल्ल्याला परवानगीने फार तर दिवसाला 10. रस्त्यावर ते कितपत पाळलं गेलं, हे कुठल्याही ढाब्यावर कळेल. पण मालकाशी बोलताना हे आकडे माहीत असलेले बरे.

शुगर किंवा बीपीची गोळी चालू असेल, नाहीतर झोपेत जोरात घोरत असाल, तर लाईन घेण्याआधी डॉक्टरला दाखवा. आणि गाडी कोणती देणार ते बघा. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे. जुन्या गाडीत दिवसा केबिनमध्ये झोपायचं असेल तर ती झोप धरूच नका. तेवढी सावलीची जागा भिवंडीत मिळणार का, हे मालकाला विचारूनच हो म्हणा.