पावसाळ्यात जांभळी झालेली राखाडी भिंत : रंगकामानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला घराला रंग काढला तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. पेंटर वेळेवर यायचे, पुट्टी घासल्यावरची धूळ त्यांनीच उचलली, रंगाला वासही फारसा नव्हता. पण जूनमध्ये आभाळ भरून आलं आणि हॉलची राखाडी भिंत चक्क जांभळी दिसायला लागली. आधी मला वाटलं ओल आली. हात लावून पाहिला तर भिंत कोरडी ठणठणीत, पोपडे नाहीत, खार नाही. रंगच तसा दिसत होता.

घर ठाण्यात, मानपाड्याजवळ. हॉलची खिडकी पूर्वेला, बेडरूमची पश्चिमेला. काम रंगाच्या कंपनीच्या घर-रंगाई सेवेला दिलं होतं. त्यांचा माणूस टॅबलेट घेऊन आला, हॉलचा फोटो काढला आणि त्यावर शेड चढवून दाखवली. स्क्रीनवर मऊ, उबदार राखाडी. ऑक्टोबरच्या सकाळच्या उन्हात भिंतही तशीच दिसायची.

जूनमध्ये फोन केला. सुपरवायझर आला, उरलेल्या डब्यावरचं लेबल वाचलं, 'शेडचा कोड बरोबर आहे' म्हणाला आणि पुन्हा रंगवायचं कोटेशन देऊन गेला. वीस हजारांच्या वर, एका हॉलचे! कोड चुकला असं मी म्हटलंच नव्हतं. माझा प्रश्न एवढाच होता, की शेड ठरवताना खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि घरात ट्यूब कुठली लागते हे कुणीच का विचारलं नाही? प्रत्येक राखाडीच्या पोटात दुसरा एखादा रंग असतो, निळा, हिरवा, जांभळा नाहीतर मातकट. नुसती चिप, म्हणजे शेडकार्डातला रंगाचा नमुना, बघून तो कळत नाही. तीच चिप पांढऱ्या कागदावर, इतर राखाडी चिपांच्या शेजारी ठेवली की लगेच उघडा पडतो. मी नंतर ठेवून पाहिलं, आमच्या शेडमधला जांभळा स्पष्ट दिसला. हे ज्याचं रोजचं काम आहे त्याने आधी दाखवायला हवं होतं.

मग जुलैत एका संध्याकाळी वीज गेली. इन्व्हर्टरवरचा पिवळसर दिवा लागला आणि भिंत पुन्हा ऑक्टोबरसारखी दिसली! दुसऱ्या दिवशी ट्यूबवरचा छापील आकडा वाचला. ६५०० केल्विन, म्हणजे निळसर पांढरा उजेड; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर. पावसाळ्यात ऊन नाही, बाहेरचा प्रकाशही थंड, त्यात दिवसभर ही ट्यूब. शेडमधला जांभळा वर येणारच. हॉलमध्ये ४००० केल्विनच्या दोन बॅटन (एलईडी ट्यूब) लावल्या, कोपऱ्यातल्या दिव्यात ३००० केल्विनचा बल्ब टाकला. खर्च हजाराच्या आसपास. घेताना सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा त्याच्या वरचा मागा, साध्या एलईडीत तो बहुधा ८० असतो आणि रंग फिके दिसतात. दिवसा ढगाळ असलं की जांभळी झाक अजूनही थोडी जाणवते, पण डोळ्यांना खुपत नाही. म्हणून रंगाबद्दलचं माझं मत मी बदललं आहे. सेवेबद्दलचं नाही.

बेडरूमचं मात्र मनापासून कौतुक. पलंगामागे एकच भिंत गडद हिरवी, बाकीच्या तीन ऑफ-व्हाइट. सासूबाई म्हणत होत्या, "अगं, खोली अंधारी होईल." शेडच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा असतो, भिंत किती प्रकाश परत फेकते त्याचा, काळ्याला ० आणि पांढऱ्याला १००. हिरव्याचा बराच कमी होता, म्हणून मीही धास्तावले होते. पण दुपारनंतर पश्चिमेचं ऊन आलं की ती भिंत अशी काही उजळते, की आता सासूबाईच पाहुण्यांना आधी तिथे नेतात.

मुलाच्या खोलीत पिवळा. चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की त्या एकमेकींवर रंग फेकतात आणि शेड कार्डापेक्षा भडक दिसते, त्यामुळे पट्टीवर आवडलेल्या रंगाहून दोन घरं फिकी शेड घ्या. स्वयंपाकघरात शीनवाला, म्हणजे किंचित चमक असलेला, धुता येणारा इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) आहे. फोडणीचा तेलकट थर ओल्या फडक्याने निघतो, हळदीचा डाग लगेच पुसला तरच. खिडकीच्या बाजूने उजेड आला की शीनमुळे भिंतीचे उंचसखल भाग मात्र दिसतात, तिथे पुट्टी नीट करून घ्या.

आता पॅसेज उरला आहे. या वेळी सॅम्पलचा छोटा डबा आणला, प्लायच्या तुकड्यावर प्रायमर आणि दोन हात मारले. इमल्शन वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून ओला असताना बघून काही ठरवलं नाही. पॅसेजला खिडकी नाही, तेव्हा तुकडा तिथल्याच दिव्याखाली ठेवला आहे. बेज पक्का झाला तर गणपती झाल्यावर पेंटरला थेट बोलावणार, कंपनीमार्फत नाही.